'गोठलेल्या समुद्रापर्यंत' म्हणजे कुठपर्यंत?

ब्रिटनमधल्या डरहॅम विद्यापीठाच्या सीमा-संशोधन विभागाने ऑगस्ट २००८मध्ये आर्क्टिक प्रदेशाचा एक नकाशा प्रसिद्ध केला. मधोमध उत्तर ध्रुव, भोवती रशिया, नॉर्वे, डेन्मार्कचे ग्रीनलंड, कॅनडा आणि अमेरिकेचा अलास्का. प्रत्येकाच्या पाण्याला वेगळा रंग, आणि जिथे दोघांचे दावे एकमेकांवर चढतात तिथे पट्टे. नकाशा उत्तम आहे. गेल्या सतरा-अठरा वर्षांत त्याच्या अनेक सुधारित आवृत्त्याही निघाल्या. जगभरच्या वृत्तपत्रांनी तो छापला, अनेकांनी त्यावरून आपापले नकाशे बेतले. मात्र नकाशासोबत टिपाही होत्या. कोणती रेषा करारातली, कोणती केवळ गणिताने काढलेली, कोणता दावा अजून केलेलाच नाही पण करता येईल, हे सगळे त्या टिपांत होते. रंग सगळ्यांनी उचलले, टिपा तिथेच राहिल्या.

टिपा गळाल्या की नकाशा वेगळेच बोलू लागतो. पट्टे दिसले की वाचकाला युद्धभूमी दिसते. त्यात आदल्याच वर्षी, २ ऑगस्ट २००७ रोजी, आर्तुर चिलिंगारोव यांच्या मोहिमेने ध्रुवाखाली सुमारे ४,२०० मीटर खोल तळावर टायटॅनियमचा रशियन ध्वज रोवला होता. त्या दिवसापासून 'आर्क्टिकची शर्यत' हा शब्दप्रयोग जो रूढ झाला तो आजही हटायला तयार नाही. मराठीत या विषयावर जे थोडेफार लिहिले जाते, तेही बहुधा याच ध्वजापासून सुरू होते आणि बर्फ वितळल्यावर मोकळ्या होणाऱ्या तेलापाशी संपते.

मला हे कथन पटत नाही. त्याचे एक कारण अगदी साधे आहे. आयोगापुढे भूखंडमंचाचा दावा मांडणारा जगातला पहिला देश रशिया, साल २००१. डेन्मार्कने ग्रीनलंडच्या उत्तरेचा दावा डिसेंबर २०१४मध्ये दाखल केला, कॅनडाने आपला आर्क्टिक दावा २०१९मध्ये. रशियाचा सुधारित दावा २०१५चा, त्यात पुन्हा भर २०२१मध्ये, आणि त्यावर आयोगाच्या शिफारशी आल्या २०२३मध्ये. गाळाची जाडी आणि तळाचा उतार यांची हजारो पाने घेऊन बावीस वर्षे धावणारी ही कसली शर्यत? आपल्याकडचा दिवाणी दावासुद्धा याहून घाईत असतो, असे म्हणावेसे वाटते. पण तो मोह आवरतो.

थोडे कायद्याचे सांगणे भाग आहे. १९८२च्या सागरी कायदा करारानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैल (एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर) हा प्रादेशिक समुद्र; २०० मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे मासे, तेल, वायू यांवर किनारी देशाचा हक्क; आणि जमिनीचा नैसर्गिक विस्तार त्याहीपलीकडे तळाखालून जात असेल तर तेवढ्या तळावर, फक्त तळावर, हक्क. हा विस्तार कुठवर जातो हे तपासणारा शास्त्रज्ञांचा आयोग न्यूयॉर्कला बसतो. तो शिफारस करतो. दोन शेजाऱ्यांमधला बांध ठरवणे त्याच्या कक्षेतच येत नाही. तो शेजाऱ्यांनी आपापसात, नाहीतर न्यायालयात ठरवायचा. म्हणजे ध्वज रोवून काही मिळत नाही आणि आयोगाकडून 'हो' आले तरी तंटा मिटत नाही. मे २००८मध्ये ग्रीनलंडमधल्या इलुलिस्साट गावी पाचही किनारी देशांनी याच चौकटीत राहण्याचे जाहीर केले. या करारात आजवर सामील न झालेली अमेरिकाही त्यात होती.

मग तंटा नेमका कशाचा? माझे म्हणणे असे की ध्रुवीय पाण्यातले बहुतेक महत्त्वाचे तंटे वाचनाचे तंटे आहेत. जुन्या कागदातला एखादा शब्द, जो लिहिणाऱ्याने भलत्याच प्रश्नासाठी लिहिला होता, तो आज समुद्रावर पसरून वाचायचा की नाही, याचा हा वाद आहे. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. कायदा आणि कामचलाऊ फ्रेंच मी पुढे स्वतःच, शब्दकोश शेजारी ठेवून शिकलो. त्यामुळे असेल, पण या विषयात मला नकाशापेक्षा मूळ मजकूर अधिक बोलका वाटत आला आहे.

सर्वांत जुना मजकूर १८२५चा. सेंट पीटर्सबर्ग येथे रशिया आणि ब्रिटन यांच्यात झालेल्या तहाने उत्तर अमेरिकेतल्या दोघांच्या मुलखांची हद्द ठरवली. किनारपट्टी, डोंगरमाथे असे करत ती पश्चिम रेखांश १४१ अंशांवर येते आणि तिथून ते रेखावृत्त 'झ्युस्का ला मेर ग्लासियाल', म्हणजे 'गोठलेल्या समुद्रापर्यंत' हद्द होईल असे तिसरे कलम सांगते. १८६७मध्ये रशियाने अलास्का ७२ लाख डॉलरांना अमेरिकेला विकला. ब्रिटनच्या जागी पुढे कॅनडा आला. जमिनीवरची हद्द आजही तीच आहे, १४१ अंश. प्रश्न किनाऱ्यावर पोचल्यानंतरचा.

कॅनडा म्हणतो, रेषा तशीच सरळ उत्तरेला बोफर्ट समुद्रात जाते. अमेरिका म्हणते, 'समुद्रापर्यंत' म्हणजे समुद्र लागेपर्यंत. तिथे तह संपला, पुढे दोन्ही किनाऱ्यांपासून समान अंतरावरची रेषा धरा. तिथला किनारा तिरपा असल्यामुळे समअंतर रेषा १४१ अंशांच्या पूर्वेला कलते. दोन रेषांमध्ये जे त्रिकोणी पाणी उरते ते सुमारे २१,००० चौरस किलोमीटर. १९७०च्या दशकापासून हा त्रिकोण तसाच पडून आहे. २००९मध्ये अमेरिकेने आपल्या आर्क्टिक पाण्यात व्यापारी मासेमारी थांबवली तेव्हा बंदीच्या क्षेत्रात हा त्रिकोणही धरला, आणि कॅनडाने निषेध नोंदवला. मासे वाचवण्याबद्दल तक्रार नव्हती. वाचवण्याचा हक्क कोणाचा, ही होती.

आता मजकूर नीट वाचू. 'पर्यंत' या शब्दावर दोन्ही बाजूंनी बरेच लिहिले गेले आहे. आपल्या मराठीतही हा शब्द असाच चकवतो. 'पाडव्यापर्यंत दुकान बंद' या पाटीवरून पाडव्याला दुकान उघडे की बंद? पण माझ्या मते निकाल 'पर्यंत'वर लागत नाही. त्याच वाक्याच्या शेवटी एक शब्दसमूह आहे, जो लोकप्रिय लेखांत जवळजवळ कुणी उद्धृत करत नाही: ही हद्द रशियन आणि ब्रिटिश मुलखांमधली, 'अमेरिका खंडाच्या वायव्य भागावर'ची. खंडावरची. वाक्य स्वतःच सांगते की ते कशाबद्दल बोलत आहे.

दुसरा पुरावा १८६७च्या विक्रीपत्रात. त्यात अलास्काची पूर्व हद्द १८२५च्याच शब्दांत उतरवून घेतली आहे. पश्चिम हद्द मात्र नव्याने लिहिली: बेरिंग सामुद्रधुनीतल्या दोन बेटांच्या मधून रेषा थेट उत्तरेला, 'मर्यादेविना', त्याच गोठलेल्या समुद्राच्या 'आत' जाते. म्हणजे रेषा समुद्रात शिरवायची असेल तर ते कसे लिहायचे, हे लिहिणाऱ्यांना ठाऊक होते. एकाच दस्तऐवजात एका बाजूला 'पर्यंत' आणि दुसऱ्या बाजूला 'आत, मर्यादेविना' असेल, तर त्या फरकाला अर्थ द्यावाच लागतो.

एवढ्यावरून अमेरिकेची बाजू बळकट आहे असे मी म्हणेन, आणि कॅनडाच्या अभ्यासकांनी हे थोडे उघडपणे मान्य करावे असेही म्हणेन. पण अमेरिकेचेही वाचन निर्मळ नाही. पश्चिमेची ती १८६७ची रेषा मुलूख विकण्यासाठी आखलेली होती, पाणी वाटण्यासाठी नव्हे. १८६७ साली किनाऱ्यालगतच्या चिंचोळ्या पट्ट्यापलीकडे समुद्रावर मालकी सांगण्याची कल्पनाच नव्हती. तरी १ जून १९९०च्या बेकर-शेवर्दनाद्झे कराराने तीच रेषा अमेरिका-सोव्हिएत सागरी सीमा ठरली, आंतरराष्ट्रीय कायदा परवानगी देईल तितक्या उत्तरेपर्यंत. (मॉस्कोने त्याला आजवर अनुसमर्थन दिलेले नाही, तो तात्पुरता लागू आहे.) पश्चिमेला जुन्या मुलकी रेषेला सागरी सीमा मानायचे आणि पूर्वेला 'ती फक्त मुलकी आहे' म्हणायचे, हे शब्दांच्या आधारे जमते, तत्त्वाच्या आधारे जरा कठीण जाते.

आणि गंमत पुढे आहे. किनाऱ्यापासून दूर उत्तरेला गेले की कॅनडाच्या बँक्स बेटाचा प्रभाव पडून समअंतर रेषा वळते आणि १४१ अंश ओलांडून पश्चिमेला जाते. म्हणजे २०० मैलांपलीकडच्या तळापुरते पाहिले तर अमेरिकेची पद्धत कॅनडाला फायद्याची आणि कॅनडाची पद्धत अमेरिकेला. डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेने आपल्या विस्तारित भूखंडमंचाच्या सीमा जाहीर केल्या. एकूण सुमारे दहा लाख चौरस किलोमीटर, त्यातला निम्म्याहून अधिक भाग आर्क्टिकमधला, आणि त्यातला काही कॅनडाच्या दाव्यावर चढलेला. सप्टेंबर २०२४मध्ये दोन्ही देशांनी वाटाघाटींसाठी संयुक्त कृतिगट जाहीर केला. आता जवळच्या पाण्यात एक पद्धत आणि दूरच्या तळावर दुसरी, असा सोयीचा आग्रह दोघांपैकी कोणालाही धरता येणार नाही.

या त्रिकोणात आणखी एक कागद आहे, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९८४चा इनुव्हिआलुइट करार. पश्चिम आर्क्टिकमधल्या इनुव्हिआलुइट लोकांबरोबर कॅनडा सरकारने केलेल्या या करारात त्यांच्या वसाहत-प्रदेशाची पश्चिम कड १४१ अंशांवर आहे, समुद्रातसुद्धा. शिकार, मासेमारी, व्यवस्थापनातला वाटा हे त्या प्रदेशातले हक्क आहेत आणि अशा करारांना कॅनडाच्या संविधानाचे संरक्षण आहे. उद्या ओटावाने वॉशिंग्टनबरोबर तडजोड करून रेषा पूर्वेला सरकवली, तर ते पाणी एकट्या ओटावाचे जाणार नाही. ज्यांनी १८२५चा तह लिहिला त्यांनी या लोकांना विचारले नव्हते, हे वेगळे सांगायला नको. पण १९८४ साली विचारून, सह्या घेऊन दिलेला शब्द १८२५च्या शब्दाच्या अर्थावर टांगलेला आहे, हे 'शर्यती'च्या एकाही नकाशावर दिसत नाही.

बॅरेंट्स समुद्राची कथा अधिक सुखाची आहे आणि म्हणूनच तिच्याकडे कमी लक्ष जाते. नॉर्वे समअंतर रेषा मागत होता. सोव्हिएत संघ सुमारे ३२ अंश पूर्व रेखांशाची 'क्षेत्ररेषा'. तिचा आधार एप्रिल १९२६चा सोव्हिएत हुकूमनामा. तो वाचला तर त्यात ध्रुवापर्यंतच्या 'भूमी आणि बेटे' यांवर दावा आहे, सापडलेल्या आणि पुढे सापडतील अशा. समुद्र हा शब्द दाव्यात नाही. पन्नास वर्षांनी त्याच हुकूमनाम्यातून समुद्राची सीमा काढली गेली. वादातले क्षेत्र होते सुमारे १,७५,००० चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या निम्म्याहून मोठे.

मधल्या काळात दोघांनी एक शहाणपण केले. जानेवारी १९७८मध्ये 'करडा पट्टा' करार करून मासेमारीची तात्पुरती व्यवस्था लावली, सीमेचा प्रश्न बाजूला ठेवून. नॉर्वेत त्यावर टीकेचे मोहोळ उठले, कारण पट्टा वादग्रस्त क्षेत्राबाहेर नॉर्वेच्या बाजूला अधिक पसरला होता. त्या वाटाघाटी करणारे मंत्री येन्स एवन्सन आणि त्यांचे सहायक आर्ने त्रेहोल्ट. हेच त्रेहोल्ट १९८४मध्ये सोव्हिएत संघासाठी हेरगिरी केल्याच्या आरोपाखाली पकडले गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना वीस वर्षांची शिक्षा झाली. करारावरची टीका मग आपोआपच कडवट झाली. तरीही, करार कोणी लिहिला यापेक्षा तो कसा चालला हे पाहायचे ठरवले, तर करड्या पट्ट्याने तीस वर्षे कॉड माशांचे साठे आणि शेजारधर्म दोन्ही सांभाळले.

१५ सप्टेंबर २०१० रोजी मुर्मान्स्कला परराष्ट्रमंत्री स्टोरे आणि लावरोव यांनी सीमा करारावर सह्या केल्या. ७ जुलै २०११पासून तो लागू आहे. मसुदा म्हणून तो मला फार आवडतो. आठ बिंदूंचे अक्षांश-रेखांश दिले, त्यांना जोडले, वादाचे क्षेत्र जवळपास निम्मे-निम्मे झाले. समअंतर बरोबर की क्षेत्ररेषा बरोबर, यावर करार एक शब्द बोलत नाही. कोणालाही आपण चूक होतो असे म्हणावे लागले नाही. जोडपत्रांमध्ये मात्र खरे काम आहे: एकात मासेमारीचे सहकार्य जसेच्या तसे चालू, दुसऱ्यात सीमेखालून आरपार जाणारा तेल-वायूचा साठा सापडला तर एकत्रित उपसा कसा करायचा याची कार्यपद्धती. मुर्मान्स्कच्या मच्छीमार वर्तुळांत तेव्हा नाराजी होती की रशियाने पाणी घालवले. त्यांची तक्रार समजण्यासारखी आहे. निम्मे मिळवणाऱ्याला निम्मे गेलेले आधी दिसते.

आणि ज्या तेलासाठी हे सगळे चालले असे म्हणतात, त्याचे काय झाले? सीमेलगतच्या कोर्पफ्येल या बहुचर्चित संरचनेवर नॉर्वेच्या स्टॅटऑइलने २०१७मध्ये विहीर खोदली. निघाला तो छोटा, व्यापारी दृष्ट्या निरुपयोगी वायूसाठा. दुसरीकडे संयुक्त मत्स्य आयोग, जो सीमेच्याही आधीचा, १९७०च्या दशकातला आहे, तो २०२२नंतर युक्रेन युद्धाने बाकीचे बहुतेक संबंध गोठले असतानाही दरवर्षी कोटा ठरवत राहिला.

न्यायालयाने वाचले तर कसे वाचते, याचा नमुना म्हणजे १४ जून १९९३चा यान मायेन निकाल. नॉर्वेचे हे ज्वालामुखी बेट आणि डेन्मार्कचे ग्रीनलंड यांच्यामध्ये समुद्र वाटायचा होता. बेटावर कायमची वस्ती नाही. हवामान केंद्र वगैरेंची पंचवीसेक माणसे. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने लोकसंख्या विचारात घ्यायला नकार दिला. ग्रीनलंडच्या बाजूला वाहता बर्फ असतो म्हणून रेषा सरकवावी, हेही मानले नाही. मानल्या दोन गोष्टी: समोरासमोरच्या किनाऱ्यांच्या लांबीतला सुमारे नऊपट फरक, आणि दक्षिणेला येणारे कॅपेलिन मासे दोघांच्या हाती लागले पाहिजेत. रेषा त्यानुसार यान मायेनकडे सरकली. ध्रुवीय पाण्यातला हा खटला आणि त्यात बर्फाला किंमत शून्य, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

हॅन्स बेटाबद्दल मी थोडक्यात आटोपतो. कॅनडा आणि डेन्मार्कच्या सैनिकांनी एकमेकांसाठी व्हिस्की आणि श्नॅप्सच्या बाटल्या ठेवल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे, आणि तिच्यामुळेच सव्वा चौरस किलोमीटरच्या या खडकावर गरजेपेक्षा दहापट शाई सांडली. १९७३च्या करारात दोन बिंदूंमध्ये रेषा मुद्दाम तुटक ठेवली होती. जून २०२२मध्ये खडक वाटून ती जोडली. त्याच कराराने लिंकन समुद्र आणि लॅब्राडोर समुद्रातले खूप मोठे प्रश्नही सोडवले, त्यांच्या बातम्या मात्र झाल्या नाहीत.

शेवटचा मजकूर असा आहे की ज्यावर भारताचीही सही आहे. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये झालेल्या स्पिट्सबर्गन तहाने स्वालबार्ड द्वीपसमूहावर नॉर्वेचे सार्वभौमत्व मान्य केले आणि त्या बदल्यात सह्या करणाऱ्या सर्व देशांच्या लोकांना तिथे समान हक्क दिले. ब्रिटिश साम्राज्यातल्या घटकांच्या वतीने वेगवेगळ्या सह्या झाल्या. भारताच्या वतीने सही केली ती पॅरिसमधले ब्रिटिश राजदूत अर्ल ऑफ डर्बी यांनी. पारतंत्र्यात, दुसऱ्याच्या हाताने झालेली ती सही स्वतंत्र भारताने वारशात घेतली. गोव्यात वास्कोच्या हेडलँड सडा येथे असलेले राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र २००८पासून नी-ऑलेसुंद येथे 'हिमाद्री' केंद्र चालवते, ते याच बेटसमूहावर.

तहाचे दुसरे कलम समान हक्क देते ते भूमीवर आणि तिच्या 'प्रादेशिक पाण्यात'. १९२०मध्ये याहून विस्तीर्ण सागरी क्षेत्राची कल्पना नव्हती, म्हणून शब्द तेवढाच. नॉर्वे म्हणतो, शब्द आहे तेवढाच वाचा: २०० मैलांच्या पाण्यावर आणि तळावर आम्ही सार्वभौम, पण समानतेचे बंधन तिथे नाही. इतर अनेक देश म्हणतात, हक्क वाढला तर बंधनही वाढले. या वादाला तोंड फुटले ते एका खेकड्याने. हिम-खेकडा बॅरेंट्स समुद्रात पहिल्यांदा नोंदला गेला १९९६मध्ये. तो तळावर राहणारा असल्याने कायद्याने माशांत नव्हे, भूखंडमंचाच्या संपत्तीत मोडतो. जानेवारी २०१७मध्ये युरोपीय संघाचा परवाना घेऊन आलेले 'सेनेटर' हे लॅटव्हियन जहाज नॉर्वेने पकडले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि मार्च २०२३मध्ये ऑस्लोच्या त्या न्यायालयाने एकमताने नॉर्वेचे वाचन उचलून धरले.

निकालातला तर्क सुसंगत आहे. तरी माझी एक हरकत उरते. १९२०मध्ये नॉर्वेचे प्रादेशिक पाणी चार सागरी मैलांचे होते. १ जानेवारी २००४पासून ते बारा मैलांचे झाले, आणि त्या वाढीव आठ मैलांतही तहातली समानता लागू आहे हे नॉर्वे स्वतः मानतो. म्हणजे शब्द काळाबरोबर वाढतो हे तत्त्व मान्य आहे. फक्त किती वाढायचे ते वाढवणारा ठरवणार. २००९मध्ये हेगच्या न्यायालयाने कोस्टा रिका विरुद्ध निकाराग्वा खटल्यात १८५८च्या तहातला 'व्यापार' हा शब्द आजच्या पर्यटनापर्यंत ताणला होता, कारण असे सर्वसाधारण शब्द काळानुसार बदलणार हे करार करणाऱ्यांना अपेक्षित असते. 'प्रादेशिक पाणी' हा शब्द त्या जातीचा आहे की नेमक्या पारिभाषिक जातीचा, हा खरा प्रश्न, आणि तो एखाद्या आंतरराष्ट्रीय न्यायपीठापुढे अजून गेलेला नाही.

या तहाचे पाचवे कलमही एकदा वाचावे. स्वालबार्डवर शास्त्रीय संशोधन कोणत्या अटींवर करायचे, ते ठरवणारे वेगळे करार केले जातील, असे त्यात म्हटले आहे. शंभर वर्षांत तसा करार झालेला नाही. नी-ऑलेसुंदमध्ये कोणत्या देशाने कशा प्रकारचे संशोधन करावे याची चौकट आज नॉर्वे आपल्या धोरणपत्रांतून घालून देतो, आणि हिमाद्रीतले काम त्याच चौकटीत चालते.